गोष्ट शेवटपर्यंत ऐकू द्या



गेल्या वर्षीची गोष्ट. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींची तयारी चालू होती. पहिल्या पापनिवेदनाचा शनिवार उजाडला. मुले रांगेत उभी होती, सिस्टर त्यांना शांत करत होत्या, आणि प्रत्येकाच्या हातात सिस्टरांनी लिहून दिलेली प्रार्थनेची चिठ्ठी होती. एक मुलगा मात्र रांगेत दिसेना. शोधले तेव्हा तो चर्चच्या मागच्या विहिरीपाशी, कठड्याला टेकून उभा होता. आम्ही त्याच्याजवळ गेलो. भीती वाटते का, असे विचारले. त्याने नुसती मान हलवली. बराच वेळ पायाने माती उकरत राहिला आणि मग म्हणाला, "फादर, देव चांगल्या मुलांवर प्रेम करतो ना? मग मी येऊन काय करू?"

हळूहळू सगळे बाहेर आले. आजीच्या बटव्यातून त्याने पन्नास रुपये घेतले होते. घरात विचारणा झाली तेव्हा चुलत भावाचे नाव सांगितले होते, आणि त्या भावाला विनाकारण मार बसला होता. ही गोष्ट नऊ वर्षांचे ते पोर चार महिने एकटे उरात घेऊन फिरत होते. (हे सारे त्याने आवारात, पापनिवेदनाच्या बाहेर सांगितले. त्याच्या व त्याच्या आईच्या संमतीनेच आम्ही ते येथे लिहीत आहोत.)

आम्ही विचारले, "देव फक्त चांगल्या मुलांवर प्रेम करतो, असे तुला कोणी सांगितले?"

त्याने आमच्याकडे आश्चर्याने पाहिले. "तुम्हीच, फादर. सिनेमा संपला की दर रविवारी सांगता."

बंधुभगिनींनो, धर्मगुरूला लोकांकडून पुष्कळ ऐकून घ्यावे लागते. पण या एका वाक्याइतके दुसरे कोणतेही वाक्य आम्हाला आजवर लागलेले नाही. म्हणून आज त्याविषयी लिहावेसे वाटले.

टोमॅटो आणि काकडी

पालकांपैकी अनेकांना ठाऊक आहे की, गेली काही वर्षे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ख्रिस्ती मूल्ये शिकवणारे कार्टूनपट दाखवत आलो आहोत. परदेशी नोकरीला असलेल्या आपल्या एका धर्मग्रामस्थाने 'व्हेजीटेल्स' या मालिकेच्या बऱ्याच डीव्हीडी आणून दिल्या. मालिका इंग्रजी आहे, म्हणून आम्ही पडद्याशेजारी उभे राहून मराठीतून सांगत असू. मुलांची हजेरी वाढली. पूर्वी जी मुले धर्मशिक्षणाला यायला कुरकुर करत, ती पहिल्या बाकासाठी भांडू लागली. खरे सांगायचे तर आम्हाला थोडा अभिमानही वाटू लागला होता.

ही मालिका अमेरिकेतील फिल व्हिशर आणि माईक नॅवरॉकी या दोन तरुणांनी सुरू केली. दोघांची ओळख मिनेसोटा राज्यातील एका बायबल कॉलेजात झाली होती. पहिली चित्रफीत 1993 साली निघाली. 'टॉय स्टोरी' हा प्रसिद्ध संगणकीय चित्रपट 1995 साली आला, म्हणजे त्याच्याही आधी. त्या काळच्या संगणकावर हातपाय, केस, कपडे हलते दाखवणे फार अवघड आणि खर्चाचे काम होते. म्हणून हातपाय नसलेली पात्रे हवी होती. व्हिशर यांच्या मनात प्रथम चॉकलेट आले होते. त्यांच्या पत्नीने सुचवले की, मुले चॉकलेटच्या प्रेमात पडली तर आयांना ते आवडणार नाही. मग भाज्या आल्या! बॉब नावाचा टोमॅटो आणि लॅरी नावाची काकडी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभे राहून हे दोघे मुलांच्या पत्रांना उत्तरे देतात आणि बायबलमधील एखादी गोष्ट विनोदी ढंगाने सांगतात.

हसू नका. या भाज्यांनी जगभरातील लाखो मुलांना दानिएल आणि सिंहांची गुहा, दावीद आणि गल्याथ, योना आणि मोठा मासा यांची ओळख करून दिली. एक पथ्यही त्यांनी पाळले. कोणत्याही भाजीला प्रभू येशूची भूमिका द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. थट्टामस्करीच्या मालिकेतही कुठे थांबावे, हे त्यांना कळत होते.

मग चूक कुठे झाली? चूक आमच्याकडून झाली.

मिस्साची घंटा

आमचा क्रम ठरलेला असे. सव्वाआठला सिनेमा सुरू. नऊच्या मिस्साची पहिली घंटा पावणेनऊला होते, त्याआधी वर्ग आटोपायला हवा. म्हणून गोष्ट संपली की आम्ही प्रोजेक्टर बंद करत असू आणि मुलांना विचारत असू, "या गोष्टीवरून काय बोध घेतला?" मुले एका सुरात सांगत, "खोटे बोलू नये!" "स्वार्थी होऊ नये!" "आईबाबांचे ऐकावे!" आणि आम्ही म्हणत असू, "शाबास! अशा चांगल्या मुलांवर देव प्रेम करतो."

त्या मुलाने विहिरीपाशी आम्हाला आमचेच वाक्य परत दिले होते.

त्या रात्री आम्ही एकटेच बसून एक भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. गोष्ट संपल्यावर टोमॅटो आणि काकडी पुन्हा ओट्यावर येतात. बायबलमधील एक वचन दाखवले जाते, त्यावर दोघे थोडे बोलतात, आणि निरोप घेताना बॉब प्रत्येक वेळी मुलांना एकच गोष्ट सांगतो. देवाने तुम्हाला खास घडवले आहे आणि त्याचे तुमच्यावर खूप प्रेम आहे, अशा अर्थाचे ते बोल आहेत. त्यात कसलीच अट नाही. तुम्ही चांगले वागलात तर, असे तो म्हणत नाही. मिस्साची घंटा होईल म्हणून हेच शेवटचे बोल आम्ही मुलांना एकदाही ऐकू दिले नव्हते. त्यांच्या जागी आम्ही आमचे वाक्य ठेवले होते.

आणखी एक गोष्ट आठवून आम्हाला लाज वाटली. 2006 साली अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणीने ही मालिका शनिवारी सकाळी दाखवायला घेतली, तेव्हा देवाविषयीचे काही उल्लेख, आणि त्यात हा निरोपसुद्धा, कापला गेला. गोष्टीतला सद्वर्तनाचा भाग राहिला आणि देव बाहेर गेला. व्हिशर यांनी त्याबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली होती. ते वाचून आम्हीही पूर्वी नाक मुरडले होते. म्हटले होते, पाहा हे निधर्मी जग! आता कळले की, तीच कात्री आमच्या हातातही होती. त्यांनी दूरचित्रवाणीवर कापले, आम्ही चर्चच्या सभागृहात कापले.

करणाऱ्याचीच कबुली

या मालिकेच्या जन्मदात्याला स्वतःच्या कामाविषयी पुढे जे वाटले, ते प्रत्येक ख्रिस्ती आईबापाने, शिक्षकाने आणि धर्मगुरूने ऐकण्यासारखे आहे.

2002 साली योनावरचा त्यांचा पहिला मोठा चित्रपट चित्रपटगृहांत आला. पण कंपनी कर्जात बुडाली होती, त्यात न्यायालयात एक मोठा दावा विरुद्ध गेला, आणि 2003 साली दिवाळे निघाले. वरच्या न्यायालयाने 2005 साली तो निकाल फिरवला, पण तोवर बॉब आणि लॅरी दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते. ज्याने देवासाठी म्हणून दहा वर्षे रात्रंदिवस काम केले, त्याच्या हातात काही उरले नाही. त्या रिकामपणात व्हिशर यांनी मागे वळून पाहिले. 2011 साली एका ख्रिस्ती नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, मुलांनी ख्रिस्ती माणसासारखे वागावे म्हणून आपण दहा वर्षे झटलो, पण प्रत्यक्ष ख्रिस्ती श्रद्धा त्यांना शिकवलीच नाही. क्षमा करा, दयाळू व्हा, कारण बायबल तसे सांगते. एवढे शिकवणे म्हणजे शुभवर्तमान नव्हे, ती नुसती नीती झाली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

केवढी प्रामाणिक कबुली! पुढे त्यांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत संपूर्ण बायबलची एकच सलग कथा मुलांना सांगणारी बाहुल्यांची नवी मालिका तयार केली. तिचे तेरा भाग निघाले. सुट्या सुट्या बोधकथांऐवजी, देव माणसाला कसा शोधत आला याची एक अखंड गोष्ट.

कोणी म्हणेल, फादर, एवढा फरक काय पडतो? मुले चांगली वागली म्हणजे झाले! सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही ॲरिस्टॉटल वाचला. सद्गुण सवयीने अंगी बाणतो, असे तो सांगतो, आणि ते खरेच आहे. मुलांना चांगल्या सवयी लावल्याच पाहिजेत. पण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा एक तपस्वी होऊन गेला. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर चांगला होऊ शकतो, अशी त्याची शिकवण होती. स्वतः तो मोठा सदाचारी होता. तरीही संत ऑगस्टिन यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. का? कारण अशा शिकवणुकीत जो पडला त्याला उठवणारे कोणी नसते. चांगल्या माणसाला शाबासकी मिळते आणि वाईटाला विहिरीचा कठडा.

आम्ही त्या धर्मसभेवर परीक्षेत दोन पाने लिहिली होती आणि चांगले गुणही मिळवले होते. पण तिचा अर्थ आम्हाला नऊ वर्षांच्या मुलाने समजावला.

बदक, बथशेबा आणि एक वंशावळ

एक उदाहरण पाहू. 'व्हेजीटेल्स'मध्ये 2000 सालचा एक भाग आहे. त्यात जॉर्ज नावाच्या राजाला रबराच्या बदकांचे वेड असते. त्याच्याकडे बदकांनी भरलेले कपाट आहे, तरी एका गरीब मुलाकडचे एकमेव बदक त्याला हवे होते. ते मिळवण्यासाठी तो त्या मुलाला लढाईत आघाडीवर पाठवतो. आपल्या लक्षात आलेच असेल की, ही दावीद राजा, बथशेबा आणि उरियाची कथा आहे. लहान मुलांना ती जशीच्या तशी सांगणे अवघड. नाथान संदेष्ट्याने दावीदला सांगितलेल्या दृष्टान्तात गरिबाची एकुलती एक मेंढी आहे. तिच्या जागी बदक ठेवणे ही मोठी हुशारी आहे. त्या गोष्टीतही राजाला आपली चूक कळते आणि तो क्षमा मागतो.

आम्ही मुलांना विचारले तेव्हा उत्तर आले, "स्वार्थी होऊ नये." उत्तर बरोबर आहे. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपत नाही. दावीदला आपले पाप लपवता आले होते. उरिया मेला होता, कोणी बोलत नव्हते. तेव्हा देवानेच नाथानला त्याच्या दारी पाठवले. दावीद देवाकडे गेला नव्हता, देव त्याच्याकडे आला. पापाचे परिणाम दावीदला भोगावे लागले, पण देवाने त्याला टाकले नाही. आणि संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर येशूची वंशावळ लिहितात तेव्हा, शलमोनाची आई पूर्वी उरियाची पत्नी होती, हे झाकून ठेवत नाहीत. आपल्यापैकी कोणी घराण्याच्या वंशावळीत असा डाग मुद्दाम लिहील का? देवाने लिहवून घेतला. त्याच घराण्यात त्याचा पुत्र जन्माला आला.

हे जर मुलांना सांगितले नाही तर दावीदची गोष्ट आणि इसापनीतीतील कोल्ह्याची गोष्ट यांत फरक तो काय? आपण सारे मराठी शाळेत शिकलो. धड्याखाली 'तात्पर्य' लिहायची आपल्याला सवय आहे. पण येशूच्या पुष्कळ गोष्टी तात्पर्यात मावत नाहीत. उधळ्या मुलाच्या गोष्टीचे तात्पर्य 'पैसे उधळू नयेत' असे लिहिले तर शिक्षक गुण देतील, पण अंगणातून धावत येणारा बाप त्यात कुठे राहिला?

योनाचेही तसेच. आमच्या कोळीवाड्यातले एक आजोबा नेहमी गमतीने म्हणतात की, फादर, आम्ही जन्मभर मासे धरले, पण माणूस धरणारा मासा काही जाळ्यात आला नाही! मुलांना मासाच लक्षात राहतो, आणि आपण शिकवतो, देवाची आज्ञा मोडू नये. पण योनाचे पुस्तक चार अध्यायांचे आहे आणि मासा दुसऱ्या अध्यायातच त्याला किनाऱ्यावर सोडतो. शेवटी योना रागावून बसलेला आहे, कारण देवाने निनवेच्या दुष्ट लोकांना क्षमा केली. तेव्हा देव त्याला विचारतो की, ज्या शहरात उजवा-डावा हातही न कळणारे एक लाख वीस हजारांहून अधिक जीव आहेत आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्याची मला दया येऊ नये काय? या प्रश्नावर पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. तात्पर्य नाही. 2002 सालच्या त्या चित्रपटाच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, त्याने मासा दाखवून गोष्ट संपवली नाही. देवाच्या दयेपर्यंत आणि पुन्हा मिळणाऱ्या संधीपर्यंत तो मुलांना घेऊन गेला.

आधी हाक, मग बदल

एक शंका आईवडिलांच्या मनात येईल आणि ती रास्त आहे. तू वाईट वागलास तरी देव तुझ्यावर प्रेम करतो, असे सांगितले तर मुले शेफारणार नाहीत का?

जक्कयची गोष्ट आठवा. उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका जकातदार लोकांना लुबाडून श्रीमंत झाला होता. येशूने त्याला वर पाहून सांगितले असते की, आधी लोकांचे पैसे परत कर, मग मी तुझ्या घरी येतो, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण येशूने त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार, असे सांगितले. लोक कुरकुरले. आणि मग, येशू घरी आल्यावर, जक्कय स्वतःहून म्हणाला की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो. क्रम पाहा. आधी हाक, मग बदल. आपण मुलांना शिकवताना हा क्रम उलटा करतो. संत पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हेच सांगतात की, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपण सुधारण्याची वाट त्याने पाहिली नाही.

ज्या मुलाला आपण नाकारले जाणार अशी भीती असते, ते चूक लपवते. ज्याला घरात घेतले जाईल अशी खात्री असते, तेच चूक कबूल करू शकते. हे आपण आपल्या घरातही अनुभवतो.

चित्रांची भीती नको

कोणी यावरून असा अर्थ काढू नये की, फादरांनी आता कार्टून बंद केले. चित्रांची भीती ख्रिस्तसभेला कधी नव्हती. इसवी सन 600च्या सुमारास मार्सेच्या बिशपांनी चर्चमधील चित्रे फोडली, तेव्हा पोप ग्रेगरी महान यांनी त्यांना लिहून कळवले की, ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवरची चित्रे पाहून वाचतात. 1223 साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावात खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. आपल्या वाडीवाडीत होणारी नाताळच्या गोठ्यांची परंपरा त्यातूनच वाढली.

आणि आपल्या मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी काय केले? इंग्लंडमधून आलेला हा येशूसंघीय धर्मगुरू आपल्या लोकांची भाषा शिकला. लोकांना पुराण ऐकण्याची आवड आहे, हे त्याने ओळखले. त्याने नियमांची यादी लिहिली नाही, तर जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली. 1616 साली गोव्यात रायतूर येथे ते 'ख्रिस्तपुराण' छापले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते चर्चमध्ये व घरी गाऊन ऐकले. व्हिशर यांना दहा वर्षांनी जे उमगले, ते आपल्या पूर्वजांना चारशे वर्षांपूर्वी मिळाले होते. तुकडे नकोत, पूर्ण गोष्ट सांगा.

आजचा काळ त्याहून अवघड आहे. प्रोजेक्टरही मागे पडला. मूल जेवत नाही म्हणून आई हातात मोबाईल देते आणि एका कार्टूनमागून दुसरे आपोआप सुरू होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशासाठी 'मुले आणि माध्यमे' हाच विषय निवडला होता. मुलांसमोर सुंदर आणि उत्तम ते ठेवा, असा त्यांचा आग्रह होता, आणि ही जबाबदारी प्रथम आईवडिलांची, असे त्यांनी बजावले होते. प्रसारमाध्यमे ही जबाबदारी आपल्याऐवजी उचलणार नाहीत.

तीन छोट्या विनंत्या

पहिली विनंती. मुलाबरोबर बसा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास पुरे. आजीआजोबा बसले तर अधिकच चांगले. तेवढ्या वेळात भाजी निवडायला हरकत नाही. काकडीही चालेल!

दुसरी विनंती. गोष्ट संपल्यावर 'काय बोध घेतला?' हा एकच प्रश्न विचारून थांबू नका. त्याआधी विचारा, 'या गोष्टीत देवाने काय केले?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या वागण्याकडे पाहते, दुसऱ्याचे देवाकडे. आम्ही वर्गात हा प्रश्न सुरू केला तेव्हा मुले गोंधळली. मग एक मुलगी योनाविषयी म्हणाली, "देवाने मासा पाठवला, नाहीतर तो बुडाला असता." बंधुभगिनींनो, आम्ही आजवर त्या माशाला शिक्षा समजत होतो!

तिसरी विनंती. कार्टूनमध्ये जे नाही ते तुम्ही द्या. या मालिका बहुतेक आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांनी केलेल्या आहेत, आणि त्यांचे आपण आभार मानले पाहिजेत. पण त्यांत मिस्साबली नाही, पापनिवेदन नाही, जपमाळ नाही, आणि मारियामाता दिसली तर नाताळच्या गोठ्यापुरती. त्या गोष्टी पडद्यावरून येणार नाहीत. त्या आईच्या मांडीवरून येतात. ज्यांना प्रभू येशूचे चरित्र मुलांना दाखवायचे आहे त्यांच्यासाठी 2000 सालचा 'द मिरॅकल मेकर' हा ब्रिटिश आणि रशियन कलावंतांनी मिळून बाहुल्या हलवून केलेला सुंदर चित्रपट आहे. त्यात सारी कथा याईरच्या आजारी मुलीच्या डोळ्यांतून दिसते. संत मार्क सांगतात की ती बारा वर्षांची होती. तिने काही चांगले काम केले म्हणून येशू तिच्याकडे गेला नव्हता. ती तर निपचित पडली होती. त्याने तिचा हात धरला, तिला उठवले आणि तिला काहीतरी खायला द्या, असे घरच्यांना सांगितले.

त्या शनिवारी विहिरीपाशी आमच्याजवळ सांगायला मोठे काही सुचले नाही. आम्ही त्या मुलाला एवढेच म्हणालो की, "फादरांनी तुला चुकीचे सांगितले. फादरांचे चुकले. देव तुझ्यावर प्रेम करतो. तू पैसे घेतलेस त्या दिवशीही करत होता. आता चल." तो लगेच आला नाही. थोडा वेळ तिथेच बसला. मग रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. आत तो काय बोलला ते देव जाणे. नंतर त्याच्या आईने सांगितले की, त्याच संध्याकाळी त्याने आजीला आणि भावाला खरे सांगितले. भाऊ आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. क्षमा स्वस्त नसते, हेही त्याला कळले. पण प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशी दोघे एकाच बाकावर बसले होते.

आता आपल्या वर्गात सिनेमा आठ वाजता सुरू होतो, सव्वाआठला नव्हे. शेवटचे बोल ऐकल्याशिवाय प्रोजेक्टर बंद होत नाही, आणि घंटा झाली तरी मिस्सा दोन मिनिटे थांबतो. त्या दोन मिनिटांच्या उशिराबद्दल काहींनी आमच्याकडे तक्रार केली होती. हे त्यांना आमचे उत्तर आहे. येत्या रविवारपासून पालकांसाठीही मागे खुर्च्या मांडलेल्या असतील.

हे प्रभू येशू, तू लेकरांना जवळ बोलावले तेव्हा त्यांतली चांगली कोणती आणि वाईट कोणती, असे विचारले नाहीस. आमच्या घरांतील, आमच्या वर्गांतील प्रत्येक मुलाला तुझी हाक स्वच्छ ऐकू येऊ दे. आमच्या घाईमुळे, आमच्या उपदेशामुळे ती मध्येच तुटू देऊ नकोस. आमेन.

आपला,
धर्मगुरू